क्रोनसचं काम

कमलाकरने चष्मा नाकावर नीट बसवून ग्रीक देव झ्यूसचं वाक्य वाचलं. समोर त्याची मुलगी श्रुती झ्यूसचा बाप क्रोनस होऊन उभी होती. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शाळेच्या नाटकात तिला बापाचं काम मिळालं होतं.

“क्रोनसने स्वतःच्या बापाला हटवून राज्य घेतलं,” ती आईला सांगू लागली. “आता आपली मुलंही तेच करणार, या भीतीने तो त्यांना जन्मल्याबरोबर गिळायचा. एकटा झ्यूस वाचला. मग दहा वर्षं वॉर. जुने देव हरले, पाताळात कोंडले गेले.”

“अगं बाई,” भेंडी चिरता चिरता चित्रा म्हणाली.

“आणि बाबा, गिळलेली मुलं मरत नाहीत. पोटात, अंधारातच मोठी होतात.”

कमलाकरने कागद खाली ठेवला.

सौदी अरेबियात रास तनुराजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात त्याला एकोणीस वर्षं झाली होती. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमायच्या, म्हणजे सौदीकरणाच्या यादीत आता त्याची जागा आली होती, आणि ती घेणाऱ्या फहादला तयार करायचं कामही त्याच्याचकडे होतं. दीड वर्षात त्याने फहादला सगळं शिकवलं. बंद पडलेली भट्टी पुन्हा पेटवायची कशी, एवढंच मागे ठेवलं. फहाद विचारायचा, तो “पुढच्या आठवड्यात” म्हणायचा. फहादचं प्रशिक्षण संपलं की याची नोकरी संपणार आणि सगळ्यांना देश सोडावा लागणार, आणि श्रुतीच्या दहावीला अजून चार महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फहादला भट्टीपाशी घेऊन गेला. एकेक व्हॉल्व्ह दाखवत त्याने सगळं सांगितलं. नंतर कमलाकरने ‘प्रशिक्षण पूर्ण’च्या फॉर्मवर सही केली आणि तो मॅनेजरकडे देऊन आला.

“मिस्टर कमल,” तो परतल्यावर फहाद म्हणाला, “तिसरा व्हॉल्व्ह आधी अर्धाच उघडायचा. ते सांगायचं राहिलं तुमचं.”

“तुला कसं माहीत?”

“रमजानमध्ये भट्टी बंद पडली होती. तुम्ही पेटवत होता, मी मागे उभा होतो. तेव्हाच शिकलो.”

“मग दर आठवड्याला विचारायचास कशाला?”

फहाद टेबलापाशी गेला.

“मॅनेजर मला विचारायचे, सगळं शिकलास का? मी सांगायचो, अजून नाही. तुमच्या मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे ना?” तो टेबलावरचे कागद चाळू लागला. “तो फॉर्म एवढ्यात देऊ नका.”

“दिला,” कमलाकर म्हणाला. “आत्ताच देऊन आलो.”

फहादचे हात थांबले. त्याने खुर्ची ओढून कमलाकरपुढे ठेवली, आणि स्वतः उभाच राहिला.