वाफाऱ्याची गाडी

आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या माणसांनी ओसंडत होत्या, गच्चीच्या कठड्यावरून मुंडकी डोकावत होती. एरवी पोरं चेंडू खेळतात त्या मोकळ्या जागेत एक जुनी पांढरी मोटार उभी होती आणि तिच्या टपावर हात ठेवून वाफबाबा. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, कपाळावर वेल्डिंगवाल्याचा गॉगल आणि पाय अनवाणी. वरून विज्ञान, खालून वैराग्य.

"पाण्यात काय आहे?" बाबांनी विचारलं.

"प्राण," गर्दी म्हणाली. गर्दीला आता उत्तरं पाठ झाली होती.

"प्राणात काय आहे?"

"वायू."

"आणि वायूत?"

"वेग."

"मग पेट्रोल कशात आहे?" बाबा हसले. "अज्ञानात. मंडळी, जमिनीखालचं मेलेलं तेल जाळलं की धूर होतो. जिवंत पाणी जाळलं की वाफ होते. क्वांटमचा साधा नियम आहे, कुठल्याही शास्त्रज्ञाला विचारा."

शास्त्रज्ञ कोणी हाताशी नव्हता, त्यामुळे विचारायचा प्रश्नच आला नाही.

बाबांनी जग भरून पाणी गाडीच्या टाकीत ओतलं, किल्ली फिरवली आणि गाडी गुरगुरायला लागली. मग त्यांनी स्टीलचं ताट मागच्या नळीसमोर धरलं. ताट क्षणात धुरकटलं, त्यावर थेंब जमले, थेंबांचे ओघळ झाले. बाबांनी ताट उंच करून दाखवलं. निलगिरीच्या तेलाचा वास आवारभर पसरला आणि गॅलऱ्यांमधून समाधानाचा एक लांब उसासा बाहेर पडला.

गर्दीच्या कडेला चिमणीची आई उभी होती. तिचं लक्ष ताटाकडे नव्हतं, कडेवरच्या चिमणीच्या छातीकडे होतं.

चिमणी पाच वर्षांची. तिला दमा. तळमजल्यावर त्यांचं घर आणि खिडकी फाटकाला लागून. रोज सकाळी शाळेच्या व्हॅन फाटकात इंजिन सुरू ठेवून पोरांची वाट बघत, आणि तो सगळा धूर पडदा सारून घरात येऊन बसे, हक्काच्या पाहुण्यासारखा. खोकला सुरू झाला की चिमणीला बोलता येत नसे. म्हणून मायलेकींनी एक खूण ठरवली होती. छाती आवळायला लागली की चिमणीनं आईचं बोट दोनदा दाबायचं. आई लगेच तिला उचलून हवेशीर जागी नेई, फवारा तोंडाशी धरी. ही खूण दोघींचीच. घरात तिसऱ्या कोणाला सांगायचं आईच्या कधी डोक्यातच आलं नाही. कारण ती स्वतः कायम जवळ असायची, किंवा असेल असं तिनं धरून चाललं होतं.

आत्ता चिमणीनं बोट दाबलं. दोनदा. आई मुकाट्यानं मागे वळली.

"निघालात? अहो, अजून प्रसाद, म्हणजे वाफ घ्यायचीय," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. ते बाबांच्या बाजूला पाण्याचा जग धरायच्या मानाच्या जागी होते.

"काका, तिला त्रास होतो."

"त्रास होतो म्हणूनच घ्यायची. आमच्या मेव्हण्याचे गुडघे सुधारले."

"नाकानं वाफ घेऊन गुडघे?"

"तुमचं हे असं असतं," सेक्रेटरी खिन्नपणे म्हणाले.

*

खरं तर या गाडीच्या जागी दुसरंच काहीतरी यायचं होतं. चिमणीच्या आईनं सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत घसा कोरडा करून गच्चीवर सोलर बसवायचं मंजूर करून घेतलं होतं. फाटकापाशी चार्जिंगचा प्लग द्यायचा, असंही ठरलं होतं. व्हॅनवाला म्हणाला होता, "ताई, तुमच्याकडे प्लग मिळत असेल तर मी बॅटरीवालीच घेतो. मला काय धुराची हौस आहे?" गच्चीवर लोखंडी सांगाडे उभेही राहिले.

पण सोलर कंपनीची इंजिनिअर मुलगी बैठकीला आली आणि खरं बोलली, तिथेच घात झाला.

"ढगाळ दिवशी वीज कमी मिळेल," ती म्हणाली. "धूळ बसली की पॅनेल पुसावे लागतील. जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट आणि गाडीचा प्लग एवढं निघेल. सगळ्यांचे एसी नाही निघणार."

लोकांचे चेहरे पडले. आणि नेमके त्याच आठवड्यात वाफबाबा अवतरले. त्यांच्या यंत्राला ढग आडवे येत नव्हते, धूळ बसत नव्हती आणि पुसायचं काही नव्हतं. बॉनेटखाली डबा बसवला की कुठलीही जुनी गाडी पाण्यावर चालणार, रात्री त्याच गाडीनं घरातले दिवे लागणार, आणि धुराऐवजी निघणारी वाफ सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळं बरं करणार. ज्यात एकही खोट नाही अशा गोष्टीवर आपल्या माणसांचा फार पटकन विश्वास बसतो. सोलर स्थगित झालं. सांगाड्यांवर चादरी वाळू लागल्या.

चिमणीची आई रसायनशास्त्र शिकलेली. ताटावर जमलेले थेंब बघून तिला कॉलेजातला फळा आठवला. पेट्रोल जळतं तेव्हाही पाणी तयार होतंच. कुठल्याही गाडीच्या नळीतून सकाळी थेंब ठिबकतात. एवढं साधं. हे डोळ्यांनी दाखवलं की झालं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी कामावर निघाले तेव्हा ती घरातलं ताट घेऊन पार्किंगमध्ये उभी राहिली.

"काका, तुमच्या गाडीत काय आहे? पेट्रोलच ना?"

"हो. अजून डबा बसायचाय. नंबर लागलेला नाही."

"सुरू करा जरा."

गाडी सुरू झाली. तिनं ताट नळीसमोर धरलं. ताट धुरकटलं, थेंब जमले, ओघळ आले. जमलेले चार शेजारी वाकून बघू लागले. तिला हायसं वाटलं.

"बघितलंत? साध्या पेट्रोलच्या गाडीतूनही पाणी निघतं. यात चमत्कार काही नाही."

सेक्रेटरी ताटाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"डबा बसवायच्या आधीच," ते पुटपुटले. "नुसती शेजारी उभी होती बाबांच्या गाडीच्या, तर माझ्या गाडीला गुण आला."

"काका, तसं नाही हो."

"अहो, तुम्हीच तर दाखवलंत."

संध्याकाळपर्यंत आवारातली एकूण एक गाडी बाबांच्या गाडीशेजारी लावायला झुंबड उडाली. चिमणीच्या आईनं हातातलं ताट घासून मांडणीवर ठेवलं आणि ओट्याला टेकून नुसती उभी राहिली. नवरा पाणी प्यायला आत आला.

"तू तरी बोल ना कुणाशी," ती म्हणाली.

"काय बोलू? सगळी इमारत एकीकडे. आईसुद्धा तिकडेच."

"तुला पटतं का ते?"

"पटत नाही," तो म्हणाला. "पण भांडायला नको वाटतं." आणि पेला विसळून बाहेर गेला.

*

सासूबाईंचा नातीवर जीव होता, आणि नेमका तोच आड आला. चिमणीची रात्र रात्र चाललेली घरघर त्यांनीही ऐकली होती. सून फवारे देते, औषधं देते, तरी पोर बरी होत नाही. मग एकदा वाफ दिली तर बिघडलं काय? सून विमा कंपनीत अर्धा दिवस कामाला जायची. ती गेल्यावर सासूबाईंनी चिमणीला स्वच्छ फ्रॉक घातला आणि आवारात नेलं.

वाफ हवेत फुकट जाऊ नये म्हणून बाबांनी त्या दिवशी नवी सोय केली होती. घरी वाफारा घेतो तसं डोक्यावरून जाड चादर घ्यायची आणि चादरीचं दुसरं टोक गाडीच्या नळीवर. आत निलगिरीत भिजवलेला बोळा.

चिमणीची आई फाटकातून आत शिरली तेव्हा रांग लागलेली होती आणि चादरीखाली कोणीतरी बसलेलं होतं. चादरीच्या कडेखालून आधी तिला सासूबाईंच्या चपला दिसल्या. मग चिमणीचे छोटे लाल बूट.

ती धावली. तिनं चादर ओढली. सासूबाई घामेघूम झाल्या होत्या, डोकं धरून बसल्या होत्या, पण हसत होत्या. "घाबरू नकोस गं. किती शांत बसलीय बघ. मघापासून माझं बोट धरून दाबतेय, दोनदा, परत दोनदा. इतकी माया कधी केली नव्हती हिनं माझ्यावर."

चिमणीची मान आजीच्या दंडावर कलंडली होती. आईनं उचललं तेव्हा तिला उलटी झाली, आणि मग काही न बोलता डोळे मिटून पडून राहिली.

"गुण येतोय," बाबा म्हणाले. "आतलं बाहेर पडतंय."

*

दवाखान्यात चिमणीच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला. सासूबाईंनाही शेजारच्या खाटेवर झोपवलं. बाहेरच्या बाकावर चिमणीची आई बसली होती. नवरा धावत आला, शेजारी बसला, तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. मुलांच्या डॉक्टरीणबाई रक्ताच्या तपासणीचा कागद हातात घेऊन आल्या.

"वेळेत आणलंत. आता धोका नाही, पण आज इथेच ठेवू. दोघींच्या रक्तात कार्बन मोनॉक्साईड सापडलाय. बंद जागेत गाडीचा धूर घेतला की होतं तसं. कुठे होत्या ह्या?"

"पाण्यावर चालणाऱ्या गाडीच्या मागे," नवरा म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते वाक्य ऐकवेना.

चिमणीच्या आईनं मान वर केली. "पाण्यात कार्बन नसतो," ती म्हणाली. "हायड्रोजन आणि ऑक्सिजन. बस. आणि पाणी आधीच जळून झालेलं असतं, ते परत काय जळणार? डॉक्टर, ती गाडी पाण्यावर चालत असती तर हे माझ्या पोरीच्या रक्तात आलं कुठून?"

"हे तुम्ही मला नका सांगू," डॉक्टरीणबाई कोट काढत म्हणाल्या. "चला, त्यांना सांगू."

आवारात रांग अजून होती. एक बाई कडेवरचं तान्हं मूल घेऊन पुढे सरकत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला हातानं थांबवलं आणि बाबांना म्हणाल्या, "महाराज, एकच विनंती. शेजारचं गॅरेज रिकामं आहे. गाडी आत घ्या, शटर ओढा, इंजिन सुरू ठेवा आणि तुम्ही आत बसा. नुसती वाफच तर आहे. बाहेर आलात की मी स्वतः पहिली शिष्या."

बाबांनी गॉगल कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "आज माझं मौन आहे."

"आत्ता तर बोलत होतात."

"आत्तापासून."

तेवढ्यात चिमणीच्या वडिलांनी गाडीची डिकी उघडली होती. भांडायला नको वाटणाऱ्या या माणसानं कोणाला काही न सांगता तळाचा गालिचा उचलला. खाली एक झाकण होतं. झाकण फिरवलं तसा निलगिरीलाही न जुमानणारा वास वर आला. पेट्रोल. खरी टाकी तिथून भरायची. बाहेरच्या तोंडातून ओतलेलं पाणी एका रबरी पिशवीत जाऊन पडत होतं, इंजिनशी तिचा काही संबंधच नव्हता. बॉनेटखालचा दैवी डबा उघडला तर आत एक पंखा होता, आणि गुणगुणण्यापलीकडे तो काही करत नव्हता.

 आवारात सगळे एकदम बोलायला लागले, एकमेकांशीच. कोणी आणलं, कोणी आधी म्हटलं होतं, कोणाचा डबा परत घेणार. त्या गदारोळात बाबा गाडीत बसले आणि फाटकातून निघूनही गेले. अर्थात पेट्रोलवर.

*

आता सगळं सुरळीत झालं असेल असं वाटत असेल, तर तसं नाही.

"हा माणूस खोटा निघाला," सेक्रेटरी जिन्यात म्हणाले, "पण विद्या खोटी कशावरून? एखादा खरा असेलच की कुठेतरी." चिमणीच्या आईनं सोलरचं विचारलं तर म्हणाले, "आता इतक्यात कोणी नव्या गोष्टीचं नाव काढणार नाही. एकदा फसलोय ना." फसवलं कोणी आणि शिक्षा कोणाला, हे त्यांना कसं समजावावं ते तिला कळेना. गच्चीवरच्या सांगाड्यांवर चादरी वाळतच राहिल्या. त्यातली एक तीच जाड चादर होती, धुऊन घातलेली.

चिमणी घरी आली. सासूबाई तिच्याशी खेळत, पण तिचा हात धरत नसत. एका दुपारी त्या सुनेजवळ येऊन बसल्या.

"दोनदा दाबलं म्हणजे काय गं? ती सारखी दाबत होती, आणि मी..."

सुनेनं सांगितलं.  सासूबाई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंस?"

 बाबांची सगळी लबाडी सुनेला ओळखता आली होती, पण घरातल्या माणसाला एक साधी खूण सांगायची राहून गेली होती.

हल्ली सकाळी चिमणीला फाटकापर्यंत आजीच नेते. व्हॅन उभ्या असतात, इंजिनं सुरू असतात. चिमणी बोट दाबते, आजी लगेच तिला उचलते आणि रस्ता ओलांडते. पलीकडेही गाड्याच उभ्या असतात. मग आजी तिला उंच धरून तशीच उभी राहते आणि कुठे हवा बरी आहे ते शोधत इकडेतिकडे बघते. खिडकीतून चिमणीची आई हे रोज पाहते.

म्हणून एवढंच सांगायचं. जो म्हणेल की माझ्या यंत्रात एकही उणीव नाही, त्याच्या डिकीचा गालिचा आधी उचलून बघा. आणि जी मुलगी म्हणते की ढगाळ दिवशी वीज कमी मिळेल, धूळ पुसावी लागेल, तिला चहा विचारा, बसवून घ्या, तिचं पुढचंही ऐका. ऊन रोज गच्चीवर येतं आणि चादरी वाळवून जातं. त्याला जग भरून पाणी लागत नाही, कोणाचं मौन लागत नाही. आपण सांगाडे रिकामे ठेवतो, आणि आपल्या कडेवरचं पोर बोट दाबत राहतं.