शिवेचं पाणी

मार्गशीर्षातली सांज. सह्याद्रीच्या उतरत्या सोंडांवर केशरी, किरमिजी प्रकाश ओसंडत होता, आणि त्या सोंडांच्या पायथ्याशी, नद्यांच्या बेचक्यात, पुणे नावाचं महानगर अथांग पसरलं होतं. एके काळी ते दूर पूर्वेला होतं, टेकड्यांच्या आड. मग त्याने टेकड्या ओलांडल्या, माळ ओलांडले, मळे ओलांडले. माणसं आली, लातूरची आली, वाशीमची आली, बिहारची, बंगालची आली. पोटासाठी आली, आणि आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर लागतंच. चालत चालत शहर एक दिवस निंबळे गावालाही आलं.

तिथल्या शेतकरी सोपानरावांनी त्याचं हसतमुखाने स्वागत केलं.

त्यांच्या रानाच्या कडेने ओढा वाहायचा. करंजछायांकित, शुभ्रवालुकामय, मंदगती ओढा. अलीकडे निंबळे, पलीकडे आसोली. मधलं पाणी म्हणजे दोन्ही गावांची शीव. बिल्डर म्हणाला, ओढा मध्ये येतोय. सोपानराव म्हणाले, मग बुजवा की! पाणी सिमेंटच्या नळात गेलं, नळावर भराव पडला, भरावावर मनोरा चढला. शिवेचा शेंदरी दगडही त्या भरावातच गेला. चिमुकली लेक तेजल विचारायची, "आप्पा, ओढा कुठं गेला?" ते म्हणायचे, "आटला गं, बाळा." त्या वेळी त्यांना काहीसुद्धा वाटलं नव्हतं.

आता उद्या त्याच तेजलचं लग्न होतं. मुलगा आसोलीचा, म्हणजे मनोऱ्यासमोरच्याच इमारतीतला. सनई लागली, वऱ्हाड आलं, कार्यालयाच्या दारात सीमांतपूजनाचा पाट मांडला गेला. नवरदेवाला शिवेवर सामोरं जायचं, पाय धुवायचे, मानाने गावात आणायचं. पिढ्यान् पिढ्यांची रीत.

नवरदेवाचे आजोबा, गेनबा, पाटापाशी अडले. डोळे गेल्यापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता; ओढा बुजल्याचं त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. आज नातवाचा हात धरून आले होते.

"ही शीव न्हाई," ते म्हणाले. "माज्या दोन्ही पोरांचं पाय निंबळेकरांनी वढ्याकाठी धुतलं. वढ्यावर चला, सोपानराव."

सनई थांबली. तेजल हिरव्या शालूत उभी होती, ती हलकेच म्हणाली, "आजोबा, ओढा तर कधीच आटला."

"आटतोय कशाचा! त्यो उन्हाळ्यातबी वाहायचा."

सोपानरावांची कानशिलं तापली. लेकीच्या डोळ्यांतला आपल्यावरचा निर्धास्त विश्वास त्यांना पाहवेना. पुन्हा एकदा खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जीभ उचलेना. त्यांनी तांब्या उचलला, आणि मान खाली घालून ते चालू लागले.

भरावावरच्या त्याच मनोऱ्याच्या पोटात, गाड्यांच्या रांगांमध्ये, जमिनीत एक लोखंडी जाळी होती. खाली गडद, गढूळ, गर्द काळोख. आणि त्या काळोखात पाणी वाहत होतं. वास आला तशी वऱ्हाडाने नाकाला रुमाल लावले. गेनबांनी मात्र कान टवकारले, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा फुलून आला.

"ह्योच! ह्योच आपला वढा!"

तेजलने जाळीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या सोनेरी अक्षरांकडे पाहिलं: सोपान-सृष्टी. तिने नाकाला पदर लावला नाही.

"आटला नव्हता, आप्पा," ती म्हणाली.

सोपानराव खाली बसले. जाळीवर पाट आला, पाटावर नवरदेवाची पावलं आली. कोणीतरी परात पुढे केली. ती त्यांनी बाजूला सारली. तांब्यातलं निर्मळ पाणी पावलांवरून ओघळलं, पाटावरून निथळलं, जाळीतून खाली गेलं. ते वाकले, आणखी वाकले, कपाळ लोखंडाला टेकेपर्यंत वाकले. लोकांना वाटलं, मुलीचा बाप जावयापुढे वाकलाय.

वरून पाणी पडत राहिलं, थेंब थेंब, स्वच्छ. खालचं पाणी वाहत राहिलं, काळं, अबोल, ना आसोलीचं, ना निंबळ्याचं.