शून्य, शून्य, शून्य

संभाजीकाका दमले की चष्मा कपाळावर सरकवतात आणि मग तोच शोधत बसतात. त्या शनिवारी दुपारभर चष्मा कपाळावरच होता.

"मैत्री, राहू दे गं," ते म्हणाले. "काढू देत त्यांना पाईप. मला खरंच आता जिने चढवत नाहीत."

पाईप म्हणजे आमच्या अँटेनाचा खांब. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून तो उभा आहे. टाकीखालच्या खोलीत एक छोटासा कॉम्प्युटर आहे. मोबाइल, इंटरनेट सगळं बंद पडलं तरी तो रेडिओवरून लेखी निरोप पुढे पाठवतो. काकांनी तो बसवला तेव्हा आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात खूप माणसं होती म्हणे. आता काका, खडकवासल्याचा प्रज्ञेशदादा आणि मी. माझं रेडिओ चालवायचं लायसन्स नुकतंच आलंय, त्यामुळे मी सध्या जरा हवेतच असते.

सोसायटीच्या सेक्रेटरी विमलाबाईंनी सांगून टाकलं होतं, "हडपसरला लेकीकडे जाऊन येते. संध्याकाळी आले की दाखवा काय चालतं ते. नाही चाललं, तर सोमवारी भंगारवाला येतोच आहे. त्याला तेवढंच लोखंड."

गच्चीची किल्ली त्यांच्या पर्समध्ये, म्हणजे हडपसरला. म्हणून मी काकांच्या खोलीतूनच, सोसायटीच्या वायफायवरून गच्चीवरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले होते. तो सारखा अडखळत होता, कारण इंटरनेटवरून कोणीतरी रिकामटेकडं पासवर्ड टाकटाकून धडका मारत होतं.

त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक सेवेपुढे एक आकडा असतो. तो पोर्ट. म्हणजे दारच. लॉगिनचं दार तेवीस नंबरचं, फाइलींचं एकवीस, वेबपानाचं ऐंशी. आकड्याच्या जागी शून्य टाकलं की दार बंद.

"काका, आपल्याला कशाला हवीत ही दारं? आपण तर रेडिओवाले!" मी म्हणाले, आणि त्यांनी चष्मा शोधेपर्यंत टाकलंसुद्धा. शून्य, शून्य, शून्य. रीस्टार्ट.

स्क्रीन गोठला.

"काका, अडकलं बहुतेक."

"तू स्वतः आत कुठल्या दारानं गेली होतीस?"

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले.

"बोला, बोला. लायसन्सवाल्या बाई."

"तेवीस."

"उत्तम. किल्ली आत टाकून घराला कुलूप लावलंस." एवढं बोलून काका दिवाणावर आडवे झाले. रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "जाऊ दे. भंगारवाल्याचा नंबर घेऊन ठेव."

पंखा गरगरत होता आणि वारा म्हणाल तर शून्य. खालून रिक्षांचे हॉर्न. माझंही डोकं जड झालं होतं, पण सोमवारी तो खांब जिन्यावरून खाली ओढत नेताना बघायचा? छे.

"काका! रेडिओचं दार मी कुठे बंद केलंय?"

"त्या दारानं अक्षरं पायी चालत येतात गं." पण एक डोळा उघडला होता.

मी लॅपटॉप काकांच्या वॉकीटॉकीला जोडला. कर्र करून आवाज गेला, कर्र करून उत्तर आलं. गच्चीवरचा कॉम्प्युटर जिवंत होता! पण मालक म्हणून आत जायचं तर तो परीक्षा घेतो. पासवर्ड तसाच हवेतून पाठवला तर अख्ख्या पुण्याला ऐकू जाईल. म्हणून तो काही आकडे पाठवतो आणि आपण आपल्या गुप्त वाक्यातली त्या-त्या जागची अक्षरं कळवायची. आमचं वाक्य फक्त काकांच्या डोक्यात होतं.

"काका, वाक्य?"

"विमलाबाई किल्ली देता का," काका डोळे मिटून पुटपुटले. "इंग्रजी लिपीत. मधे जागा न सोडता."

मला इतकं हसू आलं की दोनदा चुकले. मग बोटांवर अक्षरं मोजत मोठ्यांदा म्हणायला लागले, "विमलाबाई किल्ली देता का, विमलाबाई किल्ली..."

"देते की. आधी आत तर येऊ दे." दारात विमलाबाई. घामाघूम, हातात पिशव्या. "हडपसरपासून बसमध्ये उभी आलेय. दाखवा पटकन."

काका घोरत होते. मी उत्तर पाठवलं. कर्र. आत घेतलं! आणि त्याच क्षणी खडकवासल्याहून प्रज्ञेशदादाचा निरोप एकेक अक्षर सरकत यायला लागला: 'इकडे सगळं ठीक. धरणाजवळ ढग. काका जेवले का?'

विमलाबाई पिशव्या न ठेवता वाचत राहिल्या. "इतकं हळू?"

"हो. पण इंटरनेटची सगळी दारं बंद आहेत. मीच केलीत."

"मुद्दाम?"

"...केली तर मीच."

त्या खुर्चीत टेकल्या. "ते जाऊ दे. वर काही बिघडलं तर मी हाक कुणाला मारायची? हे तर इथे घोरतायत."

काकांनी डोळे न उघडता माझ्याकडे बोट केलं.

"हिला? शाळेत जाते ती."

"मग शनिवारी बिघडेल."

विमलाबाईंनी पर्समधला जुडगा काढला, गच्चीची किल्ली सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "हरवलीस तर खांबाआधी तुला भंगारात देईन. आणि तो पासवर्ड बदला."

त्या गेल्यावर मी तेवढं तेवीसचं दार परत उघडलं, तेसुद्धा फक्त सोसायटीच्या वायफायपुरतं. मग काकांना हलवलं. "नवीन वाक्य काय ठेवायचं?"

"तूच ठरव," ते कुशीवर वळले. "आणि मला सांगू नकोस. माझ्या आता लक्षात राहणार नाही."

मी त्यांच्या कपाळावरचा चष्मा हळूच काढून टेबलावर ठेवला, आणि वाक्य शोधत बसले.