कण्हायचं नाही म्हणे

थोरल्याचं वागणं बघून कातरबाईंना मळमळायला लागे. बाप अंथरुणाला खिळलेला, आणि हा रोज संध्याकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून यायचा, खुर्ची पलंगापासून लांब ओढायचा, नाकाशी अत्तराचा रुमाल धरायचा आणि डोळे मिटून देवाला बोलवायचा. खिडकीसुद्धा लावून घ्यायचा. शांतता लागते म्हणे. औषधाचा, घामाचा, लघवीचा वास खोलीत कोंडलेला, आणि त्यावर ह्याच्या अत्तराचा गोडमिट्ट थर.

शिलाईच्या दुकानात जन्मभर गिऱ्हाइकांना तोंडावर सुनावलं, म्हणून त्यांना कातरबाई नाव पडलं होतं. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. धिप्पाड गडी, आता पलंगावर नुसता हाडांचा गठ्ठा. ते कण्हायचे, आणि त्या कण्हण्यावरून बाई ओळखायच्या, पाणी हवंय की कूस बदलायचीय. शेजारच्या खोलीत मशीन चालवतानाही त्यांचा एक कान तिकडेच असायचा.

मग कण्हणं थांबलं. "बघ आई," थोरला म्हणाला, "बाबांना देवाची चाहूल लागली." बाईंनाही तेच हवं होतं. मास्तर जायच्या आधी एकदा तरी त्यांच्या उशाशी देव बसावा, एवढंच त्या मागत होत्या. म्हणून त्यांनी पोराचं ऐकलं आणि निश्चिंत मनानं हात जोडले.

आज थोरल्यासमोरच चादर बदलताना ती पाठीवरून निघेना. चिकटली होती. खाली हात घातला तर ओलं, चिकट, पिवळं. वास असा, की त्यांच्या घशाशी आलं.

"अहो, हे कधीपासून?"

मास्तरांनी चोरट्या नजरेनं थोरल्याकडे पाहिलं. "झाले काही दिवस."

"मग तोंडाला काय टाके घातले होते?"

"हा म्हणाला, कण्हलं की मन दुखण्याकडे जातं, देव मागं फिरतो. म्हणून गप्प पडलो. आला नाही गं तो. मला वाटलं, झोपेत मीच कण्हलो असेन."

बाईंनी वळून थोरल्याकडे पाहिलं.

"आई, दुःखातच तो जवळ येतो," थोरला रुमालाआडून म्हणाला.

"आधी तू ये जवळ."

तो आला, पाठीवरची चिघळलेली जखम बघितली आणि तोंड दाबून खिडकीकडे पळाला. घाईघाईनं तीच उघडली आणि बाहेर वाकून ओकत राहिला. बाईंनी कोमट पाणी आणलं, चादर भिजवली, बोटानं एकेक धागा सोडवू लागल्या.

"दुखलं तर ओरडा. मला कळायला हवं."

आधी बारीक हुंकार आला. मग मास्तर पोटातून ओरडले, "अरे देवा, देवा रे, मेलो." साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं, आणि त्यांनी बाईंचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, शांत राहा, मनातल्या मनात नाव घ्या," थोरला खिडकीतूनच म्हणाला.

कातरबाईंनी मान वर केली.

"गप्प बस. इतक्या दिवसांत ह्या खोलीतून देवाला खरी हाक आत्ता गेली, ती ह्यांनी मारली. तुला बापाचं कण्हणं ऐकवत नव्हतं, म्हणून देवाचं नाव पुढं करून तू त्यांचं तोंड बंद केलंस. हात धू, इकडे ये आणि खांदा धर. नाही जमत तर चालता हो. जखमेची किळस माझी केव्हाच गेली, तुझी येतेय."