एकोणतिसाव्या पानावरचं वर्तुळ

मी सात नंबरची प्रत बोलतेय. आमच्या गावच्या वाचनालयात वाचनमंडळांसाठी एकाच कादंबरीच्या दहा प्रती एका कापडी पिशवीत ठेवतात. त्यातली मी सातवी, नोव्हेंबरात आलेली, नवीकोरी. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी नेरिडाबाईंनी मला घरी नेलं.

जानेवारीच्या बैठकीत चर्चेची सुरुवात त्यांनी करायची होती. बत्तीस वर्षांत पुस्तक न वाचता त्या एकदाही बैठकीला गेल्या नव्हत्या.

इथल्या जुन्या वाचकांची एक सवय आहे. वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून प्रत्येकजण त्यात आपली बारीकशी खूण करून ठेवतो. नेरिडाबाईंच्या घराचा नंबर एकोणतीस. म्हणून त्या एकोणतिसाव्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढतात.

पहिल्या दुपारी व्हरांड्यात बसून त्या तिथवर पोचल्या, वर्तुळ काढलं आणि मला मिटलं.

दुसऱ्या दुपारी त्यांनी मला पहिल्या पानापासून उघडलं. कालच्याच जागी, कालच्यासारख्याच हसल्या. एकोणतिसाव्या पानावर मात्र त्या थबकल्या.

"हे कोणी काढलं?"

त्यांनी हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग आत जाऊन मागच्या दाराची कडी तपासली. "घरात कोणी आहे का?" आतून फक्त फ्रिजची घरघर आली. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा; बाहेर झाडांवरचे किडे उन्हात एका सुरात किरकिरत होते.

त्यांनी वाचनालयात फोन लावला. "नाही हो, कोणीच वाचलेली नाही ती," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुम्हीच पहिल्या."

परत येऊन त्यांनी त्या वर्तुळाभोवती आपलं वर्तुळ काढलं.

नाताळ जवळ आला. त्यांची मुलगी केरिन सामान घेऊन आली आणि तिने मला उचललं.

"आई, अजून हे वाचून झालं नाही? काय ग तू!"

"मग पुडिंग काय तू करणारेस? शुभेच्छांची कार्डं कोण लिहिणार, तुझा नवरा?"

"तो सही करेल ग, तेवढं येतं त्याला," केरिन हसली. "जाऊ दे. डिसेंबरात कोणाचं वाचून होतं!"

ते वाक्य ऐकून मला भीती वाटली. सगळे तेच म्हणत होते, आणि त्यामुळे कोणालाच काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. नेरिडाबाई मला पाचव्यांदा पहिल्यांदाच भेटत होत्या.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळे समुद्रावर गेले. नेरिडाबाई एकट्याच वाचत बसल्या. एकात एक पाच वर्तुळं. त्यांनी कोपऱ्यात सहावं काढून पाहिलं. ते अगदी तसंच आलं, सुरुवातीला जरा दबलेलं. मग खोडरबर आणून त्यांनी कागदाचा भुसा निघेपर्यंत सगळं खोडलं.

"केरिनला सांगू नकोस हं," त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून बोट फिरवत त्या पुटपुटल्या, "कोणीतरी काहीतरी पुसलंय इथलं." आणि त्यांनी नवं वर्तुळ काढलं.

जानेवारीत ग्लेनिसबाईंच्या घरी बैठक भरली. आईला सोडायला आलेली केरिन दाराशीच थांबली. नेरिडाबाई पहिल्या एकोणतीस पानांवर इतकं सुंदर बोलल्या की सगळ्याजणी चहा प्यायला विसरल्या.

"बाई ग, मी वाचलंय का नाही असं वाटायला लागलं मला!" ग्लेनिसबाई म्हणाल्या. "आणि शेवट? शेवट कसा वाटला?"

"ए, सांगू नकोस हं! आजच तर सुरू केलंय मी," नेरिडाबाई म्हणाल्या.

सगळ्या खळखळून हसल्या. केरिनही हसली. मग तिने आईच्या मांडीवरून मला उचललं. एकोणतिसाव्या पानापर्यंत माझे कोपरे मऊ पडले होते. तिथून पुढे मी अजून कोरी, करकरीत होते. केरिनने दोन्हीकडे बोट फिरवलं आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं.

बाकीच्या नऊ प्रती परत गेल्या. मला केरिनने मुदत वाढवून ठेवून घेतलंय. रोज दुपारी ती आईशेजारी बसते आणि तिसाव्या पानापासून पुढे मोठ्याने वाचते. नेरिडाबाई कान देऊन ऐकतात, योग्य जागी हसतात.

काल मध्येच त्यांनी केरिनच्या हातावर हात ठेवला. "छान वाचतेस तू. उशीर होतोय का ग तुला? आई वाट बघत असेल ना घरी?"

केरिनचं बोट ओळीवरच थांबलं.

केरिन, थांबू नकोस. वाच ना पुढे. त्या ऐकताहेत.