चार ग्रॅम झाळ

विजय नगरच्या भूषणने आपल्या रेस्टॉरंटसमोर शोभेला म्हणून एक जुना पेट्रोल ट्रक घेतला, आणि तीन मेकॅनिक हात टेकून बसल्यावर तो ट्रक घेऊन माझ्या दुकानी आला. कार्बुरेटर उघडणारे आता इंदुरात उरलेत किती? आमची आठवण लोकांना येते ती अशी, सगळ्यांचे उपाय संपल्यावर.

"गजाननकाका, स्टार्ट तर एकदम मस्त होते," तो म्हणाला. "पण उभ्या जागी आयडलवर ठेवली की झटके मारते भिया. काळा धूर, पेट्रोलचा वास. पूरा मोहल्ला शिव्या देतो."

मी ट्रक पाहिला आणि तोंड कडू झालं. लाल रंग नवा होता, पण बॉनेटवरचा पोचा जुनाच. तो मीच ठोकून काढला होता, अर्धवट.

सव्वीस वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत कापड मिलची झांकी, म्हणजे चालता देखावा, याच ट्रकवर होती. झांकी पावलापावलाने सरकते, त्यामुळे इंजिनाला तासन्‌तास आयडलवरच राहावं लागतं. ऐन मिरवणुकीत प्लग काजळीने भरले, ट्रक बंद पडला आणि मागच्या सगळ्या झांक्या अडकल्या. कमिटीवाले अंगावर आले तेव्हा मी बोट दाखवलं ते धाकट्या भावाकडे, शामकडे. ट्यूनिंग त्याने केलं होतं. "याच्या हातात हुनरच नाही," असं मी भर रस्त्यात ओरडलो. शामने त्यानंतर पाना धरला नाही. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी तो भंवरकुआंला एका होस्टेलच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो. ट्रक मानपुरला एका ढाब्यामागे सडत पडला होता. भूषणने तो तिथूनच उचलला.

मी इंजिन चालू केलं. चोक बघितला, पूर्ण उघडा होता. एअर फिल्टर काढला, काही फरक नाही. मग आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा मिक्स्चरचा स्क्रू पार आत घेतला. एवढा आवळल्यावर इंजिनाने बंद पडायला हवं. ते आपलं धूर ओकत फडफडत राहिलं. म्हणजे पेट्रोल दुसरीकडून येत होतं.

"सुई नवी टाकलीय, काका. पूरी किट नवी आहे," भूषण म्हणाला.

"आणि फ्लोट?"

"तो ठीकच होता. चमकवून परत लावला."

फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ डबी. ती पेट्रोलवर तरंगते आणि पेट्रोल पुरेसं भरलं की सुई वर ढकलून वाट बंद करते. मी ती काढून गरम पाण्यात बुडवली. बुडबुडा आला नाही, म्हणजे भोक नव्हतं. पुसताना मात्र हाताला जड लागली. उलटी केली. खाली कथलाच्या झाळेचा जाडजूड गोळा, आणि त्याच्या बाजूला खरडलेला ग.

केलेल्या कामावर आपलं अक्षर खरडायचं, ही आमच्या दुकानाची रीत. शामचा श, माझा ग.

सगळं आठवलं. फ्लोटला भोक पडलं होतं, मी झाळ दिली आणि शामच्या हातात ठेवला. तो म्हणाला होता, "दादा, हा भारी झालाय. बुडून राहील, पेट्रोलची लेव्हल वर जाईल. नमकीनवाल्याच्या काट्यावर तोलून तर बघ." मी म्हणालो होतो, "तू मला शिकवणार?"

आता मी शेजारच्या नमकीनवाल्याकडे गेलो. शेव तोलायच्या काट्यावर आधी माझ्या स्पेअरच्या डब्यातला त्याच मापाचा चांगला फ्लोट ठेवला, मग माझा. चार ग्रॅम जास्त. मला स्वतःची शिसारी आली. चार ग्रॅमसाठी मी भावाचा धंदा संपवला होता.

चांगला फ्लोट बसवला, स्क्रू दीड आटा बाहेर घेतला. ट्रक असा शांत चालू लागला की बॉनेटवरचा चहाचा कप हलेना.

भूषणने मोबाइल समोर धरला. "उस्ताद, रील बनवतोय. प्रॉब्लेम काय होता ते सांगा ना."

मी जुना फ्लोट दाखवला. अक्षरावर अंगठा ठेवला होता. "आधीच्या मिस्त्रीने झाळ जास्त दिली. वजन वाढलं, लेव्हल चढली."

"कोण होता हो तो?"

खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. शामला ते ऐकायला मिळावं असं मला मनापासून वाटतही होतं. पण समोर कॅमेरा होता, आणि भूषण मला उस्ताद म्हणत होता.

"होता एक," मी म्हणालो. "हातात हुनर नव्हता. सोडला त्याने धंदा."

दुसऱ्या दिवशी सूनबाई रुचीने कौतुकाने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचे इमोजी आले, हारांचे स्टिकर आले. शाम त्या ग्रुपमध्ये आहे, पण सहा वर्षांत त्याने तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही. जेवायला बसलो तेव्हा त्याचा मेसेज आला.

"दादा, ग दिसतोय."

मी व्हिडिओ पुन्हा लावला. बोलता बोलता माझा अंगठा सरकला होता.

शामला फोन लावला, त्याने कट केला. ग्रुपवर पोरं विचारतायत की ग म्हणजे काय, आजोबा?