बर्फाखालच्या तांबूस रेघा

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझ्यावर बसायचे नाही.

मी एक जुनी खुर्ची आहे, हे खरे. पाय लोखंडी, बैठक देवदाराची, पाठ मोडकी आणि अंगभर गंज. पण बसण्यासाठी म्हणून कोणी जवळ आले, तर मी आधी करकरते, मग डुगडुगते आणि तरीही ऐकले नाही तर एक पाय मुडपून घेते. मागच्या हिवाळ्यात एक पाहुणे असेच बर्फावर आडवे झाले. त्यांना लागले नाही. मला मुळीच वाईट वाटले नाही.

मला ढकलायचे असते. मी त्यासाठीच आहे.

जन्म मात्र बसवून घेण्यासाठीच झाला. जम्मूच्या एका कारखान्यात मला वाकवले, जोडले, निळा रंग दिला. मग ट्रकमध्ये उलटीसुलटी रचून, खिंडीमागून खिंड ओलांडून मला लडाखच्या या गावात आणले. शाळेत हेडमास्तरांच्या टेबलामागे मला जागा मिळाली. रोज सकाळी फडक्याने पुसत. पाहुणे आले की "खुर्ची आणा, खुर्ची" अशी हाक होई, आणि मी फुगून जाई. खोटे कशाला सांगू?

मग एका वर्षी तपासणीला आलेले साहेब जेवणानंतर मागे रेलून झोपले. माझ्या पाठीच्या पट्ट्या तुटल्या, लोखंडी चौकट तेवढी उरली. साहेबांना कोणी काही बोलले नाही. सगळे म्हणाले, खुर्चीच हलक्या मालाची. त्या संध्याकाळी मला मेंढ्यांच्या कोंडवाड्याशेजारी फेकले. तिथे कोंबड्या माझ्यावर बसत. कोंबड्यांनाही मी नाही म्हणू शकले नाही. त्या दिवसांत मी मनाशी ठरवले, की यातून सुटले तर पुन्हा कोणाचे ओझे मुकाट्याने सोसायचे नाही.

मला सोडवले चोरोलने. ही आमच्याच गावची मुलगी. लेहला शिकायला गेली आणि बर्फावरची हॉकी खेळायला शिकून परत आली. उन्हाळ्यात शेतांना पाणी देणारे आमचे तळे हिवाळ्यात दगडासारखे गोठते. त्या तळ्यावर तिने गावातल्या लहान मुलांचा वर्ग सुरू केला. पाते लावलेले बूट मोजके आणि तेही मोठ्या मापाचे. मुले त्यांत मोज्यांवर मोजे चढवून पाय घालत, उभी राहत आणि धपकन पडत. धरायला काही हवे होते. कोंडवाड्यापाशी चोरोल थांबली, मला दोन्ही हातांनी दाबून पाहिले आणि म्हणाली, "पाठ मोडलीय, पण पाय भक्कम आहेत. चल बाई, तुझं काम आहे."

मला कोणी 'चल' म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

माझ्या आधाराने उभा राहिलेला पहिला मुलगा म्हणजे लुंडुप. त्याचे नाक वाहत होते आणि ओठावर येऊन गोठत होते. माझी चौकट त्याने अशी आवळली होती, की मला वाटले आता हीही मोडते.

"आचे-ले," तो चोरोलला रडत म्हणाला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला आचे म्हणतात, आणि 'ले' लावला की मान. "आचे-ले, खुर्चीला सांगा ना, मला सोडू नको म्हणून."

"अरे, तिनं कुठं तुला धरलंय? तूच तिला धरलंयस!"

आठवड्याभराने त्याने एक हात सोडला, मग दुसरा. मग तो गेला, मागे वळून न पाहता. मित्रांनो, अशा वेळी माझी कीव करू नका. मूल मागे वळून पाहत नाही, तेव्हाच माझे काम पुरे झालेले असते. जे धरूनच राहते, ते मला आवडत नाही. असे मूल मला ढकलू लागले, की मी त्याला मुद्दाम खडबडीत बर्फावर अडखळवते.

असे हिवाळे गेले. लुंडुप सोळा वर्षांचा झाला, मोठ्या मुलांच्या संघाचा कप्तान झाला, आणि मला ओळखेनासा झाला. वर्गात आता बहुतेक मुलीच होत्या. त्यांत एक ओत्सल. वय आठ, पुढचे दोन दात पडलेले, आणि जिभेला मात्र धार.

आता मी तुम्हाला पाण्याचे सांगते, कारण पुढचे सगळे पाण्यावरच ठरले. तळ्यावरचा बर्फ आपोआप गुळगुळीत राहत नाही. त्याला तडे जातात, वाऱ्याने वाळू येऊन चिकटते. रोज संध्याकाळी, ऊन डोंगराआड गेले की, त्यावर पाण्याचा पातळ थर द्यावा लागतो. चोरोलचा नियम होता, की जो पाणी घालणार नाही त्याच्या पायात बूट चढणार नाहीत. तळ्याच्या टोकाला एक झरा आहे, तो थंडीतही गोठत नाही. तिथून मुली तेलाच्या रिकाम्या डब्यांत पाणी भरत, डबा माझ्या बैठकीवर ठेवत आणि मला ढकलत बर्फाच्या मध्यापर्यंत नेत. पाणी हिंदकळे, माझ्या पायांवरून ओघळे, गोठे. गंज वाढला तो तेव्हाच. पण मुलींनी नेम चुकवला नाही. आमच्या गावातली म्हातारी माणसे जशी रोज देवापुढे सात वाट्या पाणी ठेवतात, तसाच यांचा डबा. वारा सुटो, नाही तर बोटे बधिर होवोत.

मोठी मुले यायची तेव्हा बर्फ तयार असायचा. ती खेळायची, खरवडायची आणि जायची.

फेब्रुवारी सरत आला होता. दुपारच्या उन्हाने काठाचा बर्फ ओला दिसू लागला होता. रविवारी खालच्या गावची लहान मुले आमच्या मुलींशी सामना खेळायला येणार होती. ओत्सलचा हा पहिलाच सामना. पुढचा रविवार बर्फ पाहील की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती. आणि शुक्रवारी लुंडुप तळ्यावर येऊन उभा राहिला.

"आचे-ले, रविवारी बर्फ आम्हाला लागणार. सरावाला, दिवसभर. आम्ही लेहच्या स्पर्धेला जाणार आहोत."

"रविवार मुलींचा आहे. महिन्याभरापूर्वीच सांगितलंय."

"मुलींचा?" तो हसला. त्याच्यामागची मुलेही हसली. "खुर्ची धरून कोणी हॉकी खेळतं का? खालच्या गावचे हसतील आपल्याला. आणि ही गंजकी अजून इथं कशाला? बैठक चुलीत घाला, थुकपा तरी शिजेल."

ओत्सल माझ्यामागून पुढे झाली. "तू काय आकाशातून घसरत आलास? माझी आमा सांगते, तू हिलाच धरून भोकाड पसरायचास."

"गप गं, बोळके!"

"दात येतील माझे. तुला अक्कल येईल का, ते बघ."

मुले खो-खो हसली, या वेळी लुंडुपला. त्याचे कान लाल झाले. "नोव्हेंबरात पाट फोडून तळं कोणी भरलं? आम्ही. पाणी आमचं, म्हणून बर्फ आमचा." असे म्हणून त्याने मला लाथ मारली. मी घसरत गेले, काठावर आपटले, पण पडले नाही. पडायचेच नाही, असे मी ठरवले होते.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पाट त्यांनीच फोडला होता. मुलींचे चेहरे उतरले. एक जण बुटाचे बंद सोडू लागली.

"सोडू नकोस!" ओत्सल ओरडली. "मी मेमेंकडे जाते."

मेमे म्हणजे आजोबा. मेमे गेलेक हे गावचे पाणी वाटणारे. उन्हाळ्यात कोणाच्या शेताला कधी पाणी जायचे, ते त्यांच्या शब्दावर ठरते. हिवाळ्यात मात्र त्यांना कोणी विचारत नाही. ते तळ्यापलीकडच्या भिंतीशी उन्हात बसून माळ ओढतात. मला काठावरून पुढचे सगळे दिसत होते, ऐकूही येत होते. ओत्सल बूट न काढताच भिंतीच्या आधाराने अडखळत त्यांच्यापाशी गेली.

"मेमे-ले, बर्फ पण पाणीच ना?"

म्हाताऱ्याने माळ थांबवली. "गोठलं म्हणून पाण्याची जात बदलते का? पाणीच."

"मग ते कोणाचं?"

"जो राबून पाणी आणतो, त्याचं. बापजाद्यांपासून हाच नियम आहे. पण हे विचारायला तू बुटांवरून घसरत आलीस, म्हणजे भांडण झालंय."

"झालं नाही, मेमे-ले. चाललंय."

म्हातारा अंगातला लांब लोकरी गोंचा सावरत तळ्यावर आला. लुंडुपने आपली बाजू मांडली. ओत्सलने आपली मांडली, जरा जास्तच मोठ्याने. चोरोल हळूच म्हणाली, "पाट यांनी फोडला, मेमे-ले. पण हिवाळाभर पाणी मुलींनी घातलं."

"घातलं असेल दोन-चार दिवस," लुंडुप म्हणाला. "कोणी बघितलंय?"

मी बघितले होते. पण मला कोण विचारणार? आयुष्यात पहिल्यांदा मला तोंड नसल्याचा राग आला.

 मेमे गुडघ्यांवर बसले, मग चक्क पोटावर झोपले. बाहीने त्यांनी बर्फावरची भुकटी पुसली आणि काचेतून पाहावे तसे आत डोकावले. बराच वेळ ते तसेच पडून होते. एक मुलगा पुटपुटला, "झोपले का काय?"

"तोंड मिट आणि इकडे ये," मेमे म्हणाले. "सगळे या. नाक लावून बघा."

सगळे आडवे झाले. बर्फात खाली, वर, त्याच्याही वर तांबूस रेघा होत्या. झऱ्यापासून मध्यापर्यंत गेलेल्या जोडजोड रेघा. एका थराखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. माझ्या पायांचा गंज होता तो. रोज संध्याकाळी मी रेघ ओढत गेले होते, तिच्यावर पाणी पडले होते आणि ती तिथेच थिजली होती. ज्या गंजाला सगळे हसत होते, तो सगळा हिवाळा गिळून बसला होता. अगदी तळाशी तेवढा एक जाड थर कोरा होता.

"तो तळाचा बर्फ तुमचा रे पोरांनो," मेमे उठून कपडे झटकत म्हणाले. "पाट तुम्ही फोडलात, हे मान्य. रविवारी खुशाल खेळा त्याच्यावर. फक्त वरचा बर्फ मुलींचा आहे. त्याला न मोडता खाली जायची वाट सापडली, तर मलाही दाखवा."

मुली किंचाळत हसल्या. लुंडुप बर्फाकडे पाहत राहिला. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. माझ्या चौकटीवर, एका कोपऱ्यात उरलेल्या निळ्या रंगात, त्याच्या लहानपणच्या दातांचे व्रण आहेत. रडताना चावला होता. त्याने ते पाहिले की नाही, मला ठाऊक नाही. तो निघून गेला.

रविवारी मुली हरल्या. सपाटून हरल्या. खोटा विजय सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. ओत्सल जाळ्यासमोर तोंडावर आपटली. मी काठावरच होते. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी मनात म्हटले, येऊ नकोस. ती आली नाही. काठी टेकून, दात नसलेले तोंड वासून, ती स्वतःची स्वतः उठली आणि हॉकीच्या चकतीमागे धावली. खालच्या गावचे लोकसुद्धा टाळ्या वाजवू लागले.

त्या संध्याकाळी ऊन डोंगराआड गेले. मुली दमून घरी जायला निघाल्या होत्या, एवढ्यात झऱ्याकडून लुंडुप आला. हातात दोन भरलेले डबे. त्याने ते माझ्या बैठकीवर ठेवले आणि मान खाली घालून मला ढकलू लागला. त्याचे हात आता मोठे झाले होते, पण पकड तीच होती.

ओत्सल कमरेवर हात ठेवून बघत होती. "सरळ ढकल," ती म्हणाली. "रेघ वाकडी येतेय."

"गप गं, बोळके," तो म्हणाला. पण त्याने मला सरळ केले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सगळेच सांगतात. मी तसे म्हणत नाही. मला पुसून, रंगवून कोपऱ्यात ठेवलेत, तर मी तुमच्यावर रुसेन. मला झिजवा. लाथ मारू नका, चुलीत घालू नका. माझ्या आधाराने उभे राहा आणि वेळ झाली की खुशाल सोडून जा. फक्त संध्याकाळी पाण्याचा डबा घेऊन परत या. उद्या पडणारे मूल गुळगुळीत बर्फावर पडू दे.

आणि तेवढे लक्षात असू द्या, बसायचे नाही.